‘हवी होती’ आणि ‘वोलेवो’ : रोजच्या वाक्यांतून इटालियन

दुकानदार म्हणतो, ‘बोला.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक किलो साखर हवी होती.’ ‘आणखी?’ ‘बास, एवढंच.’

हाच सौदा इटलीतल्या एखाद्या गावच्या किराणा दुकानात असा होतो : ‘दीका.’ ‘वोलेवो उन कीलो दी त्सुक्केरो.’ ‘आल्त्रो?’ ‘बास्ता कोझी.’

दोन्ही बोलणी शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा. ‘दीका’ म्हणजे ‘बोला’, आणि तेही आदरार्थी. ‘वोलेवो’ म्हणजे ‘मला हवं होतं’. साखर आत्ता हवी आहे, तरी इटालियन गिऱ्हाईक भूतकाळ वापरतं. मागणं जरा मऊ व्हावं म्हणून. आपणही तेच करतो आणि करताना आपल्याला व्याकरण आठवत नाही. ‘बास्ता’ आणि ‘बास’ यांचं साम्य मात्र वरवरचं. आपलं ‘बास’ फारसीतून आलं, त्यांचं ‘बास्ता’ उत्तरकालीन लॅटिनमधून. असे जुळून आलेले शब्द गमतीचे असतात, पण त्यांच्या आधारानं भाषा शिकता येत नाही. ‘हवी होती’ आणि ‘वोलेवो’ यांचं नातं अधिक खोलातलं आहे. तिथं शब्दांत काहीच सारखं नाही, बोलण्याची रीत सारखी आहे. या पुस्तकाचा सगळा भर अशा रीतींवर आहे.

मराठी माणूस इटालियन शिकायला बसतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक असतं. इंग्रजी बोलणाऱ्याला जे परकं वाटतं ते त्या पुस्तकात परकं म्हणून मांडलेलं असतं : नामांना लिंग असतं, विशेषण नामाप्रमाणे बदलतं, क्रियापदाच्या प्रत्ययावरून कर्ता कळतो, ‘आवडणं’ उलट्या बाजूनं चालतं. यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठी मुलगा ती पानं पाठ करत बसतो, आणि हे सगळं त्याच्या तोंडात लहानपणापासून आहे हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला जिथं खरोखर अडतं, म्हणजे नामाआधीच्या ‘इल’, ‘लो’, ‘ला’ या उपपदांपाशी, तिथं तेच पुस्तक भरभर पुढं सरकतं. इंग्रजीत उपपदं असल्यामुळे लेखकाला तिथं थांबावंसं वाटत नाही. इंग्रजीच्या दारातून इटालियनकडे जाणं म्हणजे आपल्या मुलांना लांबच्या रस्त्यानं पाठवणं आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि त्या वाटण्यातूनच हे पुस्तक झालं.

ते कवठे महांकाळात लिहिलं गेलं याचा त्याच्या पद्धतीशी थेट संबंध आहे. मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा तालुका. शेजारी जत, पलीकडे अथणी, म्हणून कन्नड कानावर पडतच असते. पण मला इथं सांगायचं आहे ते गलाईवाल्यांबद्दल. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. पाऊस नाही, पीक नाही, तेव्हा घरातला एखादा पोरगा उठायचा आणि नात्यातल्या कुणाच्या तरी दुकानावर तमिळनाडूत, केरळात, बंगालात, पंजाबात जाऊन राहायचा. यांतल्या बहुतेकांनी तिथल्या भाषेचं व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलं नाही. त्यांनी आधी वाक्यं उचलली. ‘किती ग्रॅम?’ ‘उद्या या.’ ‘आज भाव उतरलाय.’ मग ‘उद्या’च्या जागी ‘परवा’ घालून पाहिलं, ‘या’च्या जागी ‘न्या’ घालून पाहिलं. काही महिन्यांत भाव करू लागले, पुढं भांडू लागले, त्याच भाषेत हसू-हसवू लागले. सुट्टीला गावी आले की फोनवर अस्खलित तमिळ बोलताना त्यांना आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. भाषा शिकवण्यावर जगभर जेवढं लिहिलं गेलं आहे त्यातलं पुष्कळसं शहाणपण या माणसांनी मुशीजवळ बसून मिळवलं.

तीच पद्धत इथं घेतली आहे : वाक्य आधी. फरक एवढाच की वाक्यामागून व्याकरण येतं, आणि ते टाळलेलं नाही. नुसत्या ऐकीव वाक्यांवर शिकलेला माणूस बोलतो झकास, पण अर्ज लिहायचा झाला, परीक्षा द्यायची झाली, की अडखळतो. पेरूजा इथलं परदेशीयांसाठीचं विद्यापीठ ‘चेली’ नावाची परीक्षा घेतं, सिएनाचं तसंच विद्यापीठ ‘चिल्स’ घेतं. नोकरी, शिक्षण, नागरिकत्व यांसाठी या परीक्षा चालतात. त्यांत कुठला प्रत्यय का लावला हे कळावं लागतं.

या भागातल्या माणसाला इटालियनची गरज काय, असं विचारणारे भेटतात. मिलान आणि तोरिनोच्या तंत्रविद्यापीठांत शिकायला जाणाऱ्या मुलांना वर्गात इंग्रजी पुरतं, पण घरमालक, बसचालक, औषधाचं दुकान आणि परवान्याची कचेरी इंग्रजीत बोलत नाही. हे झालं आजचं. आपल्या माणसांचा इटलीशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. १९४३ ते १९४५ या काळात चौथी, आठवी आणि दहावी या हिंदी डिव्हिजन इटलीत लढत होत्या, आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या नावाचं एक सूर्यघड्याळ २०२३ मध्ये पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या गावानं उभारलं. त्या लढाईत गेलेल्या मराठी शिपायांची स्मारकांवरची नावं आज इटालियन माणसं वाचतात. त्यांच्या गावांची नावं आपल्याला नीट उच्चारता यावीत, एवढं तरी आपण करावं.

उच्चारांपासूनच सुरुवात करू, कारण इथं मराठी माणसाची बाजू फार भक्कम आहे. इटालियनमधले त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. टेबलाला ‘तावोलो’ म्हणायचं. इंग्रजीच्या सवयीनं ‘टावोलो’ म्हणाल तर परके वाटाल. पुढची गोष्ट हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला सहज जमत नाही आणि आपल्याला न शिकता जमते : मराठीत च दोन आहेत. ‘चार’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. इटालियनमध्येही नेमके हे दोन उच्चार आहेत, फक्त त्यांची अक्षरं निरनिराळी. ‘चाओ’ म्हणताना ‘चार’मधला च, आणि ‘पित्सा’, ‘ग्रात्स्ये’ म्हणताना ‘चाक’मधला. ज चंही तसंच. ‘जोर्नो’ म्हणजे दिवस, त्यातला ज ‘जीव’मधला, शून्याला म्हणतात ‘द्झेरो’, त्यातला ‘जग’मधल्याच्या अगदी जवळचा. लिहिताना मी हे दुसरे उच्चार ‘त्स’ आणि ‘द्झ’ असे दाखवले आहेत.

आणि जोडाक्षरं. इटालियनमध्ये व्यंजन एकेरी की दुहेरी यावर अर्थ बदलतो. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘कापेल्लो’ केस, ‘काप्पेल्लो’ टोपी. इंग्रजीच्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. ज्याला ‘खडा’ आणि ‘खड्डा’ वेगळे ऐकू येतात आणि जो घरात अण्णा, अप्पा, अक्का अशा हाका मारत वाढला, त्याला मुद्दाम शिकवण्यासारखं इथं फारसं काही नाही.

या दुहेरी व्यंजनांची कुळकथा मला फार आवडते, म्हणून थोडा थांबतो. संस्कृतातला ‘सप्त’ महाराष्ट्री प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’. लॅटिनमधला ‘सेप्तेम’ इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाला. संस्कृतात अन्न या अर्थी ‘भक्त’ शब्द होता. त्याचा प्राकृतात ‘भत्त’ झाला आणि आपल्या ताटात ‘भात’ आला. लॅटिनमध्ये दुधाला ‘लाक्ते’ असं रूप होतं, इटालियनमध्ये ते ‘लात्ते’. हजारो मैलांवर, एकमेकांशी काही बोलणं नसताना, दोन भाषांतल्या सामान्य माणसांच्या जिभांनी अवघड जोडाक्षर एकाच पद्धतीनं सोपं केलं. आपण पुढं आणखी एक पाऊल टाकलं, दुहेरी व्यंजन एकेरी करून आधीचा स्वर लांबवला. इटालियन प्राकृताच्याच पायरीवर राहिली. गाथासप्तशतीची भाषा थोडीफार वाचलेल्या माणसाला इटालियन वाचताना म्हणूनच एक ओळखीचा ठेका जाणवतो.

आता वाक्यं. ‘मी प्याचे’ म्हणजे ‘मला आवडतं’. यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’. हा पहिला आठवडाभर गोंधळ घालतो, नंतर सुटतो. ‘मी प्याचे ला काझा’ : मला घर आवडतं. ‘मी प्याच्चोनो ले मेलाग्राने’ : मला डाळिंबं आवडतात. आवडणारी वस्तू अनेक झाली की क्रियापद अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. या एका साच्यात किती वाक्यं बसतात पाहा. ‘मी सेर्वे’ : मला लागतं. ‘मी बास्ता’ : मला पुरतं. ‘मी सेंब्रा’ : मला वाटतं, भासतं. ‘मी दिस्प्याचे’ : मला वाईट वाटतं. ‘मी फा माले ला तेस्ता’ : माझं डोकं दुखतंय. मात्र मराठीतलं प्रत्येक ‘मला’ इथं चालत नाही. भूक, तहान, थंडी, झोप या गोष्टी इटालियन माणूस स्वतःजवळ बाळगतो : ‘ओ फामे’ म्हणजे माझ्याजवळ भूक आहे, ‘ओ फ्रेद्दो’ म्हणजे थंडी आहे. वयसुद्धा असंच सांगतात, माझ्याजवळ तीस वर्षं आहेत. ‘मला’चे हे दोन फाटे पाठ ३ आणि पाठ ४ मध्ये समोरासमोर ठेवले आहेत.

लिंगाबाबत आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन. लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होतं, इटालियनमध्ये ते विरून गेलं. पण पुरतं गेलं नाही, काही जुन्या घरगुती शब्दांत त्याची खूण राहिली आहे. अंड्याला ‘उओवो’ म्हणतात, तो पुल्लिंगी. दोन अंडी झाली की ‘ले उओवा’, आणि ती स्त्रीलिंगी. बोट ‘दीतो’, बोटं ‘ले दीता’. ‘अंडं-अंडी’ आणि ‘बोट-बोटं’ म्हणणाऱ्या आपल्याला या शब्दांचं वागणं विचित्र वाटायचं कारण नाही. सावध राहायचं ते शेवटच्या ‘आ’पाशी. घोडा, मळा, दरवाजा यांमुळे आपल्या कानाला आकारान्त शब्द पुल्लिंगी वाटतो. इटालियनमध्ये ‘आ’ बहुतेक वेळा स्त्रीचा आणि ‘ओ’ पुरुषाचा. ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा, पण ती दार उघडी आहे, असं मनात म्हणावं लागतं. ‘शाळा’ आणि ‘भाषा’ हे शब्द डोळ्यांसमोर ठेवले की सोपं जातं, कारण त्यांचे ‘स्क्वोला’ आणि ‘लिंग्वा’ हे भाऊबंदही आकारान्त आणि स्त्रीलिंगीच आहेत.

भूतकाळ हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो मी मुद्दाम मोठा ठेवला. ‘सोनो आंदातो’ म्हणजे मी गेलो. बोलणारी बाई असेल तर ‘सोनो आंदाता’, मी गेले. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. ती आमची बोली आहे आणि ती आम्हाला प्यारी आहे. पण याच मुली इटालियन बोलताना ‘आंदातो’ म्हणू लागतात, तेव्हा समोरचा बुचकळ्यात पडतो. त्यांनी प्रमाण मराठीतलं ‘गेले’ मनात धरावं, म्हणजे ‘आंदाता’ आपोआप येईल.

सकर्मक क्रियापदांत तर आपली आणि त्यांची गाठ फारच जुनी आहे. आपण ‘त्याने पत्र लिहिलं, त्याने चिठ्ठी लिहिली’ असं म्हणतो. क्रियापद कर्माच्या मागं जातं, कारण ते संस्कृतातल्या ‘तेन लिखितम्’ या रचनेतून आलं. लॅटिनमध्ये लोक म्हणू लागले, ‘लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे’, आणि त्यातून इटालियनचं ‘ओ स्क्रीत्तो’ आलं. आज ते रूप बहुधा बदलत नाही. पण कर्माच्या जागी सर्वनाम येऊन पुढं बसलं की जुनी सवय जागी होते. ‘चिठ्ठी? लिहिली.’ ‘ला लेत्तेरा? लो स्क्रीत्ता.’ चिठ्ठी त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, म्हणून ‘स्क्रीत्ता’. इंग्रजी पुस्तकं याला अपवाद म्हणून चौकटीत टाकतात. मराठी माणसानं तो नियम समजावा आणि एरवीच्या न बदलणाऱ्या रूपाला अपवाद म्हणावं.

भूतकाळात कुठल्या क्रियापदाला ‘असणे’ (‘सोनो’) घ्यायचं आणि कुठल्याला ‘जवळ असणे’ (‘ओ’), यासाठी ‘ने’ची कसोटी अर्धी चालते. गेला, आला, पोचला, निघाला, मेला : इथं आपल्याकडे ‘ने’ नाही, त्यांच्याकडे ‘असणे’. पण तो जेवला, तो हसला, तो झोपला, इथंही आपल्याकडे ‘ने’ नाही आणि तरी इटालियनमध्ये ‘जवळ असणे’च येतं : ‘आ मांजातो’, ‘आ रीझो’, ‘आ दोर्मीतो’. तेव्हा जागा बदलली किंवा अवस्था पालटली की बहुधा ‘असणे’, एवढं लक्षात ठेवावं.

‘जायचो’ हे रूप मला मराठीतलं सर्वांत सुंदर रूप वाटतं, आणि इटालियनमध्ये त्याला जसाच्या तसा जोडीदार आहे. ‘लहान असताना मी आजोबांबरोबर बाजाराला जायचो’ : ‘दा बांबीनो आंदावो आल मेर्कातो कोन इल नोन्नो’. एकदाचं जाणं म्हणजे ‘आंदातो’, नित्याचं जाणं म्हणजे ‘आंदावो’. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांत ज्याचा कधी घोटाळा झाला नाही, त्याचा इथंही होऊ नये. आणि आत्ता चाललेली क्रिया? ‘काय करालायस?’ ‘जेवालोय.’ ‘के स्ताय फाचेंदो?’ ‘स्तो मांजांदो.’

इच्छेच्या वाक्यात क्रियापदाचं रूप बदलतं, याची इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना धास्ती असते. ‘वोल्यो के तू वेंगा’. यातलं ‘वेंगा’ म्हणजे आपलं ‘यावंस’. ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे वाक्य ज्या घरात रोज बोललं जातं तिथं या रूपाची भीती कशाला? विध्यर्थ आपल्याकडे आहे, त्यांच्याकडेही आहे. फरक एका ठिकाणी पडतो. ‘तो घरी आहे असं मला वाटतं’ यात आपण साधा ‘आहे’ वापरतो. इटालियनमध्ये नुसत्या वाटण्यालाही ते वेगळं रूप लागतं, ‘पेंसो के सीआ आ काझा’. ज्याची खात्री नाही त्याला क्रियापदही तसंच द्यायचं, ही त्यांची शिस्त आहे. दुकानदाराचं ‘दीका’ हेही याच कुळातलं रूप : ‘आपण सांगावं’.

जिथं मराठी हात देत नाही तिथं मी जास्त वाक्यं दिली आहेत. उपपदं हा पहिला अडथळा. ‘पुस्तक दे’ एवढ्यावर आपलं भागतं. ते कुठलंही की ठरलेलं, हे प्रसंगावरून कळतं. इटालियनमध्ये दर वेळी ठरवावं लागतं, शिवाय लिंग, वचन आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर पाहून रूप निवडावं लागतं : ‘इल लीब्रो’, ‘लो स्तुदेंते’, ‘लामीको’, ‘ल्यी आमीची’. ‘माझं घर’ म्हणतानाही उपपद हवं, ‘ला मीआ काझा’. फक्त जवळची नाती यातून सुटली आहेत : ‘मीओ नोन्नो’, माझे आजोबा, तिथं उपपद नाही. दुसरा अडथळा शब्दयोगी अव्ययांचा. आपल्याकडे ती नामामागून येतात आणि नामाचं सामान्यरूप होतं. त्यांच्याकडे ती पुढं येतात आणि उपपदाशी चिकटतात. टेबलावर म्हणजे ‘सुल तावोलो’, घरात म्हणजे ‘नेल्ला काझा’. एकट्या ‘दा’कडे आपले दोन प्रत्यय गेले आहेत. ‘वेंगो दा सांगली’ म्हणजे सांगलीहून येतो, आणि ‘वादो दाल मेदिको’ म्हणजे डॉक्टरांकडे जातो. इथं पाठांतराला पर्याय नाही. तिसरी गोष्ट ‘ने’ नावाचा इवलासा शब्द. ‘ने वोर्रेइ त्रे’ : त्यातली तीन द्या. ‘त्यातली’ हा शब्द डोक्यात पक्का बसला की ‘ने’ बसतो.

आदराचं एक सांगायला हवं. ‘तू’ला ‘तू’च म्हणतात, आणि आदरार्थी ‘लेइ’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ ‘ती’. पुरुषालाही ‘लेइ’च. ‘आपली कृपा’, ‘आपलं श्रेष्ठत्व’ अशा अर्थाच्या स्त्रीलिंगी नामांनी मोठ्या माणसाला संबोधायची रीत होती, तिचं हे शिल्लक राहिलेलं सर्वनाम. मुसोलिनीच्या राजवटीनं १९३८ मध्ये ‘लेइ’वर बंदी घालून ‘वोई’ लादायचा प्रयत्न केला. तो टिकला नाही, मात्र दक्षिणेकडच्या खेड्यांत थोरांना ‘वोई’ म्हणण्याची स्वतःची जुनी रीत अजून आहे. आपल्या ‘तुम्ही’ला ते सर्वांत जवळचं.

शब्द निवडताना तुल्लिओ दे माउरो यांच्या शब्दसूचीचा मोठा आधार झाला. १९८० मध्ये त्यांनी इटालियनचा मूलभूत शब्दसंग्रह मांडला. त्यातले गाभ्याचे शब्द सुमारे २,०००, आणि रोजच्या मजकुरातला बहुतेक भाग तेवढ्यांनी व्यापला जातो. या पुस्तकातली वाक्यं त्या गाभ्यातूनच बांधली आहेत. एका ठिकाणी मात्र मी ती चौकट जाणूनबुजून ओलांडली, ती द्राक्षबागेच्या पाठात. इटली हा खाण्याच्या द्राक्षांचा मोठा उत्पादक, आणि पुल्या प्रांतात वेली डोक्यावरच्या मांडवावर चढवतात. त्या पद्धतीला ‘तेंदोने’ म्हणतात. आपल्या बागायतदारानं तो मांडव पाहिला तर त्याला घरची आठवण येईल. ‘इतालिया’ नावाची त्यांची प्रसिद्ध जात आल्बेर्तो पिरोवानो यांनी १९११ मध्ये संकरातून काढली. छाटणी म्हणजे ‘पोतातूरा’, काडी ‘त्राल्चो’, घड ‘ग्राप्पोलो’, मणी ‘आचिनो’, काढणी ‘वेंदेम्म्या’. आणि ‘उवा’ म्हणजे द्राक्षं, पण एकवचनी. ‘लूवा ए मातूरा’, द्राक्षं पिकली. हे एकवचन आपल्या माणसाला समजावायला एकच शब्द पुरेसा आहे : बेदाणा. ‘बेदाणा सुकला’, ‘बेदाण्याला भाव आला’ असं म्हणताना आपण कुठं मणी मोजतो? सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इटालियन व्यापाऱ्याशी त्याबद्दल चार वाक्यं बोलता यावीत एवढी वाक्यं त्या पाठात आहेत.

शिकणाऱ्याला धीर यावा म्हणून एक इतिहास सांगतो. खुद्द इटालियन लोकांनाही इटालियन शिकावी लागली आहे. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक शेकडा अडीचच्या आसपास असावेत, असा दे माउरो यांचा अंदाज होता. इतर अभ्यासक तो आकडा शेकडा दहापर्यंत नेतात. बाकीचे आपापल्या प्रांताच्या बोली बोलत. मांझोनीसारख्या मिलानी लेखकानं आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलीच्या वळणावर पुन्हा लिहून काढली आणि ती १८४० ते १८४२ या काळात नव्यानं प्रसिद्ध केली. देश एक झाल्यावर शंभर वर्षांनीही लाखो प्रौढांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा आल्बेर्तो मांझी नावाच्या शिक्षकानं १९६० पासून १९६८ पर्यंत सरकारी दूरचित्रवाणीवर संध्याकाळी धडे दिले. हातात कोळशाची कांडी, समोर मोठा कागद; एक चित्र काढायचं, त्याखाली एक शब्द, मग त्या शब्दाचं वाक्य. शेतकरी, गवंडी, म्हाताऱ्या बाया गावातल्या एकुलत्या दूरचित्रवाणी संचापुढे जमायच्या. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’. मांझींचा क्रम, म्हणजे वस्तू, शब्द, वाक्य आणि मग नियम, हा मी प्रत्येक पाठात पाळला आहे.

वापराविषयी. पहिल्या दहा पाठांत इटालियन वाक्यं देवनागरीत आहेत, कारण आपली लिपी ती जवळजवळ जशीच्या तशी पकडते आणि रोमन अक्षरं दिसली की जीभ इंग्रजीकडे वळते. अकराव्या पाठापासून रोमन लेखन येतं, तोवर कान तयार झालेला असेल. वाक्य मोठ्यानं म्हणावं, मग त्यातला एक शब्द बदलून पुन्हा म्हणावं, गलाईच्या दुकानात करतात तसं. प्रत्ययांचे तक्ते शेवटी आहेत. ते अडल्यावर उघडावेत. पुस्तकी कथनातला दूरचा भूतकाळ, ‘आंदाई’, ‘फेची’ वगैरे, मी फक्त शेवटच्या पाठात आणि ओळखण्यापुरता दिला आहे, कारण उत्तर इटलीत तो बोलण्यातून जवळपास गेलेला आहे. सिसिलीत किंवा दक्षिणेत राहायला जाणाऱ्यानं मात्र तो पाठ आधी वाचावा. तिथं कालच्या गोष्टीलाही लोक ‘फेची’ म्हणतात.